हत्यार जवळ बाळगण्याआधी हे वाचा

फौजदारी वकिलीत एक वाक्य सतत कानावर येतं: "साहेब, मी कुणाला काहीच केलं नाही, नुसतं जवळ होतं." बोलणारा बहुतेक वेळा विशीतला असतो, शेजारी आई किंवा मोठा भाऊ उभा असतो, आणि तो खरं सांगत असतो. पण महाराष्ट्रात गुन्हा दाखल व्हायला तेवढं पुरतं. वार करणं हा एक गुन्हा, आणि हत्यार जवळ बाळगणं हा दुसरा. या दुसऱ्या गुन्ह्यासाठी कुणाला साधं खरचटलेलंही असावं लागत नाही.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांच्या डोक्यात हा विचार नुकताच आला आहे. कॉलेजात भांडण झालं, गल्लीतल्या कुणी "बघून घेतो" म्हटलं, रात्रपाळीहून सुनसान रस्त्याने यावं लागतं, म्हणून कमरेला किंवा गाडीच्या डिकीत काहीतरी ठेवावंसं वाटतं. ज्यांना नुकताच पिस्तुलाचा परवाना मिळाला आहे आणि ज्या आईबापांना मुलाच्या सॅकमध्ये भलतंच काही सापडलं आहे, त्यांनीही वाचावा.

पहिली पायरी: जवळ आहे ते नेमकं काय, ते बघा

देशभर लागू असलेला कायदा म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम. पोलीस आणि वकील त्याला 'आर्म ॲक्ट' म्हणतात. बातम्यांत '३/२५' आणि '४/२५' असे आकडे येतात, ते याच कायद्यातल्या कलमांचे. ३/२५ म्हणजे विनापरवाना बंदूक, पिस्तूल, काडतूस. ४/२५ म्हणजे तलवार, कोयता, सुरा अशी धारदार हत्यारं.

२०१६ च्या शस्त्र नियमांत धारदार हत्यारांचा वेगळा वर्ग आहे. तलवार, गुप्ती, खंजीर, भाला, आणि ज्यांचं पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद आहे असे चाकू-सुरे त्यात येतात. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत.

गोंधळ होतो तो या वगळण्यामुळेच. कोयता घ्या. ऊसतोड मजूर तो घेऊन फडात जातो, नारळवाला तो हातगाडीवर ठेवतो, त्याला कुणी हरकत घेत नाही. तोच कोयता रात्री बारा वाजता शर्टाच्या आत पाठीला लावून दुचाकीवर फिरणाऱ्याकडे मिळाला, तर "हे शेतीचं अवजार आहे" हे सांगणं अवघड होतं. शेत कुठे आहे, ऊस कुठे आहे, आणि अवजार लपवलं का, हे प्रश्न लगेच येतात. वस्तू तीच असली तरी कुठे, कधी, कशी आणि कशासाठी, यावर सगळं ठरतं. कामाची वस्तू न्यायची असेल तर उघडपणे, गुंडाळून, कामाच्या वेळी आणि कामाच्या रस्त्याने न्या. दुकानातून नवा सुरा आणत असाल तर खोक्यातच राहू द्या आणि पावती जवळ ठेवा.

"नऊ इंचांच्या आतलं पातं चालतं" हा समज मुलांमध्ये पक्का बसला आहे. ऑनलाइन विक्रेते तो आणखी पक्का करतात. महाराष्ट्रात या समजावर विसंबू नका. त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे.

दुसरी पायरी: मनाई आदेश चालू आहे का, ते बघा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते: "शहरात मनाई आदेश लागू." बहुतेक लोक ती वाचतच नाहीत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त, आणि जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी, असा आदेश काढतात. आदेश चालू असताना सार्वजनिक ठिकाणी शस्त्रं, तलवारी, भाले, सोटे, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या किंवा शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगायला बंदी असते. 'कोणतीही वस्तू' यात पात्याची लांबी कुणी विचारत नाही. चार इंची बटनाचा चाकू आला, फायटर (बोटांत अडकवायचं लोखंडी कडं) आला, सायकलची साखळीही आली.

हा आदेश ठरावीक मुदतीचा असतो, पण सण, निवडणूक, मोर्चे, परीक्षा अशी कारणं संपत नाहीत आणि एका आदेशामागून दुसरा निघत राहतो. मोठ्या शहरात राहत असाल तर आदेश लागू आहे असं धरूनच चाला. तो मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि साधारणपणे किमान चार महिने. त्याहून कमी शिक्षा द्यायची तर न्यायालयाला कारणं लिहावी लागतात.

म्हणून एफआयआरमध्ये दोन्ही कलमं जोडून येतात: "शस्त्र अधिनियम कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७(१), १३५." आर्म ॲक्टखाली धारदार हत्यारासाठी एक ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. शिवाय त्याच पोलीस अधिनियमाचं कलम १२२ आहे: सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्ह्याच्या इराद्याने घातक हत्यारासह कुणी सापडलं, तर तेवढ्यावरूनही कारवाई होते.

तलवारीने केक कापणं आणि कोयता नाचवत रील टाकणं हेही इथेच मोडतं. पोलिसांना तुमच्यापर्यंत पोहोचायला खबऱ्याही लागत नाही, कारण चेहरा आणि हत्यार तुम्ही स्वतःच एका चौकटीत दिलेलं असतं. व्हिडिओ डिलीट केला तरी कुणीतरी तो उतरवून घेतलेला असतो. वाढदिवसाच्या आनंदापायी एखाद्या पोरावर केस लागते तेव्हा फार वाईट वाटतं, कारण ती टाळणं इतकं सोपं असतं.

शिखांच्या कृपाणाबद्दल नांदेडकडचे वाचक हमखास विचारतात. कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग आहे, असं संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. ही मोकळीक शीख धर्मीयांसाठी आहे, इतरांनी तिचा दाखला देऊ नये.

बंदुकीची गोष्ट वेगळी

गावठी कट्टा किंवा विनापरवाना पिस्तूल सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं कैद आहे. स्वयंचलित रायफलीसारख्या प्रतिबंधित शस्त्रांसाठी सात ते चौदा वर्षं. ज्या हत्याराचा कारखाना नाही, नंबर नाही, कागद नाही, त्याचा परवाना पुढे कधी मिळेल ही आशाच नाही. आणि कट्ट्याची नळी धरणाऱ्याच्या हातातही फुटू शकते.

संजय दत्तचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला मुद्दा नीट समजून घ्यावा. 'टाडा' या दहशतवादविरोधी कायद्याच्या आरोपांतून तो सुटला. शिक्षा झाली ती बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल. अटक १९९३ मध्ये झाली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवणं कायम ठेवलं, सहा वर्षांची शिक्षा पाच वर्षांवर आणली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तो येरवड्यातून बाहेर आला. एवढे नामांकित वकील असूनही बाळगण्याच्या एका गुन्ह्याने तेवीस वर्षं पाठ सोडली नाही.

परवाना मिळाला असेल तर

परवाना पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी देतात. अर्जदाराचं वय किमान २१ लागतं, आणि २०१९ पासून परवान्याची मुदत पाच वर्षं झाली आहे. पण परवाना म्हणजे हवं तिथे नेण्याची मुभा नव्हे. त्याच्या मागच्या अटी वाचा. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव, शाळा-कॉलेजचं आवार इथे खास परवानगीशिवाय शस्त्र न्यायचं नाही. परवाना कोणत्या क्षेत्रासाठी आहे ते पाहा. नागपूरच्या लग्नाला निघताना ते पिस्तूल तिथे चालतं का, हे घरून निघण्याआधी कळलं पाहिजे.

नेताना पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असावं. दाखवून फिरणं, टेबलावर काढून ठेवणं, वरातीत हवेत गोळी झाडणं हे सगळं बंद. निष्काळजीपणे आनंदाचा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलिसाने परवाना मागितला तर दाखवावाच लागतो. निवडणुकीत शस्त्र जमा करायचा आदेश आला तर मुदतीत जमा करून पावती घ्या. हरवलं तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात कळवा.

जिवंत काडतुसांबद्दल एक बारीक गोष्ट. विमानतळावर एक्स-रे मशीनमध्ये बॅगेच्या तळाशी विसरलेलं एखादं काडतूस सापडतं आणि फ्लाइट सोडून माणूस पोलीस ठाण्यात जातो. "जाणीवपूर्वक ताबा नव्हता" हा बचाव आहे आणि अशा केसेस उच्च न्यायालयात रद्दही होतात, पण तोवर वकील, हेलपाटे आणि खर्च चुकत नाही. नेमबाजीच्या रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरूच नका.

तिसरी पायरी: अंगावरच्या जोखमीचा विचार करा

कायद्याचं भय बाजूला ठेवून निव्वळ जिवाचा विचार करू.

चाकू जवळ असला की सुरक्षित वाटतं. रस्त्यावरच्या झटापटीत मात्र उलट घडताना दिसतं. बाचाबाची सुरू झाली, एकाचा हात कमरेकडे गेला, की समोरचा दगड, फरशी किंवा स्वतःचं हत्यार उचलतो. शर्ट फाटून संपलं असतं ते भांडण आयसीयूपर्यंत जातं. ज्याच्याकडे काही नसतं तो पळतो, आणि पळणाराच बहुतेक वेळा घरी पोहोचतो. ज्याच्याकडे चाकू आहे तो दोन पावलं पुढे टाकतो.

घरातल्या भाजीच्या सुरीला मुठीपुढे आडवी पट्टी नसते. जोर लागला, हात घामाने किंवा रक्ताने ओला झाला, की मूठ सोडून हात पात्यावर घसरतो आणि धरणाऱ्याच्याच बोटांचे आतले स्नायुबंध कापले जातात. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं मिटत नाही, असं होऊ शकतं. शिवाय वैद्यकीय तपासणीत त्या जखमा पुरावा म्हणून नोंदवल्या जातात.

दुचाकीवर कमरेला सुरा लावून बसणं तर स्वतःशीच खेळ. पातं मांडीच्या सांध्याशी येतं आणि तिथूनच पायाकडे जाणारी मुख्य धमनी जाते. गाडी घसरली आणि ती धमनी कापली गेली, तर काही मिनिटांत माणूस जातो. असं कुणाचंही झालेलं दिसलं, तर जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरा, सोडून बघू नका. रुतलेलं हत्यार उपसू नका. १०८ ला फोन करा.

आणि कलमं कशी बदलतात बघा. नुसत्या हाताने मारलं, किरकोळ लागलं, तर भारतीय न्याय संहितेत एक वर्षापर्यंतची शिक्षा आहे. तेच घातक हत्याराने केलं तर कलम ११८(१), तीन वर्षांपर्यंत. जखम गंभीर असेल तर ११८(२), किमान एक वर्ष आणि कमाल जन्मठेप. वार पोटावर किंवा छातीवर बसला की पोलीस १०९ लावतात, म्हणजे खुनाचा प्रयत्न. तुम्हाला फक्त घाबरवायचं होतं, हे नंतर तुम्हीच सांगत बसता.

स्वसंरक्षणाचा हक्क सगळ्यांना आहे, संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो दिला आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क मिळत नाही, हे त्यातच लिहिलं आहे. संध्याकाळपासून चाकू खिशात घेऊन फिरणाऱ्याला "अचानक हल्ला झाला" हे पटवून देणं फार कठीण जातं. सरकारी वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग चाकू आधीच कशाला घेतला होता?

मित्राचं हत्यारही तुमचंच ठरू शकतं

मागे बसलेल्याच्या सॅकमध्ये कोयता आहे हे तुम्हाला माहीत आहे आणि गाडी तुम्ही चालवताय. आर्म ॲक्टच्या कलम ३५ नुसार, सामायिक ताब्यातल्या वाहनात किंवा जागेत शस्त्र मिळालं आणि तुम्हाला ते माहीत होतं असं मानायला जागा असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत जबाबदारी तुमचीही. पुढे मारामारी झाली तर सामायिक इरादा, बेकायदा जमाव ही कलमं लागतात आणि वार न करणाराही त्याच पिंजऱ्यात उभा राहतो. कुणी म्हणालं, "हे दोन दिवस तुझ्याकडे ठेव," तर ठेवायचं नाही. मैत्री तुटली तरी चालेल.

चौथी पायरी: भीती खरी असेल तर हे करा

भीतीला मी कमी लेखत नाही. धमकी खरी असते, हल्ले होतात. म्हणूनच ही पायरी नीट करा.

धमकीचे मेसेज, कॉल रेकॉर्डिंग, स्टेटसचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व सही घ्या. ठाण्यात दाद लागली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने उपायुक्तांना किंवा पोलीस अधीक्षकांना पाठवा. हा कागद दोनदा उपयोगी पडतो. समोरच्यावर चॅप्टर केस (शांतता राखण्याची लेखी हमी घेणारी प्रतिबंधक कारवाई) करायला पोलिसांना आधार मिळतो, आणि उद्या काही झालंच तर तुम्ही आधी कायद्याकडे गेला होतात हे दिसतं.

तातडीला ११२. रस्ता बदला, वेळ बदला, रात्रपाळीची कंपनीची गाडी मागून घ्या, निघताना घरी लाइव्ह लोकेशन पाठवा. मोठ्याने वाजणारा अलार्म किंवा शिट्टी जवळ ठेवायला कुणाची हरकत नाही. मिरची स्प्रेला परवाना लागत नाही, मात्र तो स्वतःला वाचवण्यापुरताच. वादात समोरच्याच्या तोंडावर मारलात तर तोही घातक हत्यार मानला जाऊ शकतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अशा एका प्रकरणात तेच मत नोंदवलं आणि गुन्हा रद्द करायला नकार दिला. विमानाच्या हँडबॅगेत तर तो न्यायचाच नाही.

पाचवी पायरी: नाकाबंदीत सापडलात तर

पळू नका. हत्याराला हात लावू नका, काढून दाखवायला जाऊ नका. "साहेब, डाव्या बाजूला कमरेला आहे" असं सांगून हात वर ठेवा. फेकून देणं सर्वांत वाईट, कारण अंधारात हललेल्या हाताचा अर्थ पोलीस हल्ला असाच घेतील.

मग पंच, म्हणजे जप्तीचे साक्षीदार, बोलावले जातात. पंचनाम्यात हत्याराचं वर्णन लिहितात: लोखंडी पातं, लाकडी मूठ, एकूण लांबी, पात्याची लांबी, रुंदी. पट्टी लावून मोजतात, बऱ्याचदा कागदावर ठेवून आकृती काढतात, मग कागदात गुंडाळून पंचांच्या सह्यांचं लेबल लावून लाखेचं सील करतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करायचं असतं. हे सगळं शांतपणे पाहा आणि लक्षात ठेवा. पातं मोजलं का, कुठे मोजलं, पंच तिथे हजर होते का, यावर पुढे तुमचा वकील लढणार असतो. कोऱ्या कागदावर सही करू नका.

अटकेची कारणं लेखी मागा. नातेवाइकाला कळवण्याचा आणि वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० वर फोन करा.

केस लागल्यावर काय काय मागे लागतं

जामीन बहुधा होतो. त्रास पुढे आहे. तारखा पडत राहतात आणि प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी किंवा रजा जाते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी हे खास वाचावं. मैदान मारलं, लेखी पास झालात, तरी चारित्र्य पडताळणीत ही केस समोर येते. ती लपवली तर लपवण्याच्या कारणानेच नाव कटू शकतं, म्हणून अर्जात खरंच लिहा आणि निकालाची प्रत जोडा. खटला प्रलंबित असेल तर पासपोर्टही अडतो.

दुसऱ्यांदा सापडलात तर तडीपारीचा प्रस्ताव जाऊ शकतो, म्हणजे दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. आईचं ऑपरेशन असलं तरी परवानगीशिवाय घरी येता येत नाही. वारंवार असंच होत राहिलं तर एमपीडीए या प्रतिबंधक कायद्याखाली खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्धता होऊ शकते.

अठराच्या आतल्या मुलांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. "पोरगं लहान आहे, त्याच्याकडे दे, त्याला काही होत नाही" असं सांगून मोठी टोळकी मुलांच्या हातात कोयते देतात. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, तर प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. त्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

परदेशी शिकायला निघालेल्यांसाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतच्या, पातं लॉक न होणाऱ्या घडीच्या चाकूखेरीज कोणतंही पातं सार्वजनिक ठिकाणी बाळगायला सबळ कारण लागतं, आणि "स्वतःच्या बचावासाठी" हे सबळ कारण धरत नाहीत. कमाल शिक्षा चार वर्षं. अमेरिकेत दुकानात बंदुका मिळतात म्हणून विद्यार्थी किंवा एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांनी त्या हाताळू नयेत. काही अपवाद सोडले तर अशा व्हिसाधारकांना तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे.

आईबापांना सापडलं तर

सॅकमध्ये, गादीखाली किंवा डिकीत हत्यार मिळालं की पहिला विचार येतो तो नदीत फेकून देण्याचा. तसं करू नका. ते कुठे वापरलं गेलं असेल तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा तुमच्यावर येईल. धुऊ नका, पुसू नका, शेजाऱ्याकडे लपवू नका. मुलाला मारझोड न करता तीन गोष्टी विचारा: कुणाकडून आणलं, कुणाच्या भीतीने आणलं, कुठे वापरलं आहे का. मग त्याच दिवशी वकील गाठा आणि हत्यार वकिलामार्फत पोलीस ठाण्यात जमा करायची वाट काढा. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मुलाने एखादं नाव घेतलं, तर त्या नावाविरुद्धचा चौथ्या पायरीतला अर्ज त्याच फेरीत द्या.